साधन आणि निकष : डॉ. गुणपाल मलालसेकर यांच्या कारकिर्दीचा विचार

पालि त्रिपिटक किंवा त्यावरील अट्ठकथा वाचीत असताना एखाद्या व्यक्तीचे, नगराचे अथवा नदीचे नाव यावे आणि त्यासंबंधी अधिक माहिती हवी असावी, अशा वेळी अभ्यासक ज्या ग्रंथाकडे वळतो तो म्हणजे डॉ. गुणपाल पियसेन मलालसेकर यांचा 'डिक्शनरी ऑफ पालि प्रॉपर नेम्स' हा विशेषनाम-कोश होय. १९३७-३८ मध्ये लंडनहून दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या ह्या कोशाचा आधार न घेता पालिविषयक लेखन करणारा अभ्यासक विरळाच. परंतु कोशकाराच्या वाट्याला एक चमत्कारिक उपेक्षा येत असते. त्याचा ग्रंथ रोज उघडला जातो. तो स्वतः कोण होता, हे कोणी विचारीत नाही. मलालसेकर हे पालिचे प्राध्यापक होते, 'वर्ल्ड फेलोशिप ऑफ बुद्धिस्ट्स' ह्या जागतिक संघटनेचे संस्थापक-अध्यक्ष होते, श्रीलंकेचे राजदूत होते आणि बौद्ध ज्ञानकोशाचे प्रमुख संपादकही होते. पूज्य बाबासाहेबांच्या आयुष्याच्या अखेरच्या सहा वर्षांत ज्या आंतरराष्ट्रीय बौद्ध परिषदांना ते उपस्थित राहिले, त्या ह्याच संघटनेच्या परिषदा होत्या. असे असूनही आपल्या लेखनात मलालसेकरांचा उल्लेख तळटीपेपलीकडे फारसा जात नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू त्यांचे चरित्र सांगण्याचा नाही. त्यांच्या कारकिर्दीकडे आंबेडकरी बौद्धाने कोणत्या दृष्टीने पाहावे, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

ह्यासाठी मापदंड बाहेरून आणण्याची गरज नाही. १९५० च्या वैशाखात कलकत्त्याच्या महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात बाबासाहेबांचा बुद्ध आणि त्याच्या धम्माचे भवितव्य ह्या विषयावरील सुप्रसिद्ध निबंध प्रकाशित झाला. धम्माचा प्रसार व्हावयाचा असेल तर तीन गोष्टी आवश्यक आहेत, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. पहिली, सामान्य माणसाला हाती धरता येईल असा एक ग्रंथ. दुसरी, भिक्खू संघाची रचना, ध्येये व उद्दिष्टे यांत बदल. आणि तिसरी, जागतिक बौद्ध धम्मप्रचार-संस्था. हा निबंध प्रसिद्ध झाला त्याच महिन्यात, २५ मे १९५० रोजी, श्रीलंकेतील कँडी येथे २७ देशांच्या प्रतिनिधींच्या उपस्थितीत 'वर्ल्ड फेलोशिप'ची स्थापना होत होती. तिचे प्रवर्तक मलालसेकर होते. बाबासाहेबही तेथे गेले होते. मात्र प्रतिनिधी म्हणून नव्हे, तर निरीक्षक म्हणून. बौद्ध देशात धम्म प्रत्यक्षात कसा जगला जातो, हे त्यांना पाहावयाचे होते. दोन विद्वानांची ही एका महिन्यातील गाठ विचार करण्यासारखी आहे. एकाजवळ संस्था होती, दुसऱ्याजवळ प्रश्न होते.

मलालसेकरांचा जन्म ८ नोव्हेंबर १८९९ रोजी श्रीलंकेतील पानदुरा ह्या गावाच्या परिसरात झाला. १८७३ मध्ये मिगेट्टुवत्ते गुणानंद थेर आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक यांच्यात जो इतिहासप्रसिद्ध जाहीर वाद झाला, तो ह्याच पानदुरामध्ये. त्या वादाच्या वृत्तान्तामुळे कर्नल ऑल्कॉट यांचे लक्ष श्रीलंकेकडे वेधले गेले आणि पुढे बौद्ध शाळांची चळवळ उभी राहिली. मलालसेकरांचे मूळ नाव जॉर्ज पीरिस. अनागारिक धम्मपालांच्या प्रभावामुळे त्यांनी ते टाकून गुणपाल पियसेन हे नाव धारण केले. वडील वैद्य होते. मुलानेही वैद्यकाचे शिक्षण सुरू केले होते, परंतु वडिलांच्या निधनामुळे ते सोडावे लागले. लंडन विद्यापीठाची पदवी बाहेरून परीक्षा देऊन मिळविणे, कोलंबोच्या आनंद महाविद्यालयात अध्यापन, त्यानंतर लंडनला जाऊन पीएच. डी. आणि परतल्यावर नालंदा विद्यालयाचे मुख्याध्यापकपद, असा त्यांचा पुढील क्रम आहे. १९२७ पासून ते विद्यापीठीय अध्यापनात आले आणि श्रीलंका विद्यापीठात पालि व बौद्ध संस्कृतीचे प्राध्यापक झाले. नाव बदलणे ही केवळ अक्षरांची अदलाबदल नसते, हे आपल्याला सांगावयास नको. जेत्यांनी दिलेली ओळख नाकारून स्वतःची ओळख स्वतः निवडणाऱ्या पिढीचे ते प्रतिनिधी होते, आणि त्यांच्या साऱ्या विद्वत्तेच्या मुळाशी ही निवड आहे.

'द पालि लिटरेचर ऑफ सिलोन' (१९२८) ह्या ग्रंथात त्यांनी श्रीलंकेतील पालि वाङ्मयाचा इतिहास मांडला. 'महावंस'वरील 'वंसत्थप्पकासिनी' ह्या टीकेचे संपादन त्यांनी १९३५ मध्ये पालि टेक्स्ट सोसायटीसाठी केले. इंग्रजी-सिंहली शब्दकोशही सिद्ध केला. परंतु त्यांचे नाव टिकले ते विशेषनाम-कोशामुळे. ह्या कोशात केवळ भिक्खू, भिक्खुणी व राजे यांची नावे नाहीत. नगरे, विहार, सुत्ते, जातककथा, ग्रंथ ह्या सर्वांच्या नोंदी आहेत, आणि प्रत्येक विधानापुढे मूळ ग्रंथाचा संदर्भ आहे. संगणक नव्हता, त्रिपिटकाची शोधसूची नव्हती, अशा काळात एका अभ्यासकाने हे काम केले, ही गोष्ट आजही थक्क करणारी आहे.

मराठी वाचकाने हा कोश उघडला तर त्याला आपली भूमी तेथे भेटते. सुप्पारक म्हणजे आजचे सोपारे. तेथील व्यापारी पुण्ण हा बुद्धाचा शिष्य झाला आणि क्रूर लोकांच्या सुनापरन्त देशात धम्म घेऊन निर्भयपणे परत गेला. गोदावरीच्या तीरी राहून आपल्या सोळा शिष्यांना बुद्धाकडे पाठविणारा बावरी तेथे आहे. त्या शिष्यांच्या वाटेवरील पतिट्ठान म्हणजे पैठण तेथे आहे. महारट्ठात धम्मप्रचारासाठी गेलेला महाधम्मरक्खित थेर तेथे आहे. आमच्या धम्माचा इतिहास १९५६ मध्ये सुरू झाला असे हिणविणाऱ्यांना उत्तर देण्यासाठी ह्या नोंदी पुरेशा आहेत. दीक्षा घेणाऱ्यांनी परकी वाट धरली नव्हती. आपल्याच मातीतील बुजलेली वाट त्यांनी मोकळी केली होती.

तथापि समीक्षकाचे काम गौरवाजवळ थांबत नाही. कोशाची जी शक्ती आहे, तिच्यातच त्याची मर्यादाही आहे. कोशकाराने बुद्धवचन मानले जाणारे सुत्त आणि सुमारे हजार वर्षांनंतर रचली गेलेली अट्ठकथा यांतील माहिती एका सलग कथनात गुंफली आहे. संदर्भ तपासणाऱ्याला दोन थर वेगळे करता येतात, पण सामान्य वाचकाला ते एकच वाटतात. खुज्जुत्तरेचे उदाहरण घेऊ. कोसम्बीच्या राणी सामावतीची ही दासी. ती बुद्धाचा उपदेश ऐके आणि परत येऊन राणीला व अंतःपुरातील स्त्रियांना तो जसाच्या तसा सांगे. अंगुत्तरनिकायात बहुश्रुत उपासिकांमध्ये तिला अग्रस्थान दिले आहे. दासीने राणीला शिकवावे आणि संघाने त्या दासीचे ज्ञान मान्य करावे, यासारखी क्रांतिकारक घटना प्राचीन भारताच्या सामाजिक इतिहासात क्वचितच आढळेल. परंतु अट्ठकथा तेथे थांबत नाही. ती कुबडी का झाली? पूर्वजन्मी एका पच्चेकबुद्धाच्या व्यंगाची तिने नक्कल केली म्हणून. ती दासी का झाली? पूर्वजन्मी एका भिक्खुणीकडून तिने आपले काम करवून घेतले म्हणून. कोशात हे सारे क्रमाने नमूद होते.

येथे आंबेडकरी वाचक थबकतो, आणि त्याने थबकलेच पाहिजे. दास्य हे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ होय, ही शिकवण आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके ऐकली. फक्त ती सांगणारे मुख वेगळे होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्मावर माणसाचे सामाजिक स्थान ठरविणाऱ्या सिद्धान्ताला नकार दिला, तो ह्याच कारणाने. जे तर्काला पटत नाही आणि जे माणसाच्या कल्याणाचे नाही, ते बुद्धाचे म्हणून मानता येणार नाही, हा त्यांचा निकष होता. मलालसेकरांनी असा निकष लावला नाही. कोशकार म्हणून तो लावणे त्यांचे कामही नव्हते, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. कोशकाराने परंपरा जशी आहे तशी नोंदवावी. परंतु मग हेही मान्य केले पाहिजे की कोश हे साधन आहे, निकष नव्हे. साधनाकडून निकषाची अपेक्षा करू नये, आणि निकष हाती आहे म्हणून साधन फेकूनही देऊ नये. मलालसेकरांच्या संपूर्ण कारकिर्दीचे मर्म मला ह्या भेदात दिसते.

जागतिक संघटनेचा विचार केला तरी हेच दिसते. १९५० ते १९५८ ह्या काळात मलालसेकर फेलोशिपचे अध्यक्ष होते. थेरवाद व महायान ह्या शतकानुशतके दुरावलेल्या परंपरांना त्यांनी एका व्यासपीठावर आणले. आज आपल्या प्रत्येक विहारावर जो पंचरंगी धम्मध्वज फडकतो, त्याला आंतरराष्ट्रीय बौद्ध ध्वज म्हणून मान्यता मिळाली ती पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी ह्याच संघटनेमुळे. हे कार्य लहान नव्हे. पण बाबासाहेबांना हवी होती ती प्रचार-संस्था. घडली ती प्रामुख्याने जन्मजात बौद्धांची स्नेहसंस्था. जे बौद्ध आहेत त्यांना एकत्र आणणे आणि जे दुःखात आहेत त्यांच्यापर्यंत धम्म नेणे, ही दोन वेगळी कार्ये आहेत. १९५४ मध्ये रंगून येथील परिषदेत बाबासाहेबांनी भारतातील धम्मकार्याचा विषय मांडला. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लक्षावधी माणसांनी धम्म स्वीकारला तो मुख्यतः स्वतःच्या नेत्याच्या आणि स्वतःच्या निर्धाराच्या बळावर. जगातील बौद्ध राष्ट्रे त्या दिवशी आपल्या पाठीशी उभी नव्हती, हे कटू असले तरी लक्षात ठेवण्याजोगे सत्य आहे.

त्यानंतर महिनाभरात, नोव्हेंबर १९५६ मध्ये, फेलोशिपची चौथी परिषद काठमांडूला भरली. तेथे २० नोव्हेंबर रोजी बाबासाहेबांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांवर आपले प्रसिद्ध भाषण दिले. शोषणाचा अंत हे दोघांचेही ध्येय. पण हिंसा आणि हुकूमशाही हा बुद्धाचा मार्ग नव्हे, हे त्यांनी बौद्ध देशांच्या प्रतिनिधींना बजावले. बौद्ध राष्ट्रांतील तरुण साम्यवादाकडे ओढले जात असताना भिक्खू संघ काय करीत आहे, ही चिंता त्यामागे होती. पुढच्याच वर्षी संघटनेचे अध्यक्ष मलालसेकर हे सोव्हिएत संघातील श्रीलंकेचे पहिले राजदूत म्हणून मॉस्कोला गेले. इतिहासाने मांडलेला हा योग विलक्षण आहे. त्यांच्या तेथील वास्तव्यकाळातच, १९६० मध्ये, तोपोरोव्ह यांनी पालिवरून केलेले धम्मपदाचे रशियन भाषांतर मॉस्कोत प्रसिद्ध झाले. स्टालिनच्या काळात छळ सोसलेल्या रशियन बौद्धविद्येचे ते पुनरागमन होते. पण बाबासाहेबांनी जो प्रश्न काठमांडूत उभा केला होता, त्याचे उत्तर राजदूताच्या पदावरून देता येण्यासारखे नव्हते. राजदूत आपल्या शासनाचा आवाज असतो. प्रश्न विचारणाऱ्याला जे स्वातंत्र्य असते ते त्याला नसते.

ह्या पदाची दुसरी बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. १९६१ मध्ये मलालसेकर संयुक्त राष्ट्रांत श्रीलंकेचे स्थायी प्रतिनिधी झाले. त्याच वर्षी १८ डिसेंबर रोजी भारतीय सैन्याच्या गोव्यातील कारवाईविरुद्ध पोर्तुगालची तक्रार सुरक्षा परिषदेपुढे आली. अकरा सदस्यांच्या परिषदेत बहुमत भारताच्या विरुद्ध होते. सोव्हिएत संघ, संयुक्त अरब प्रजासत्ताक आणि लायबेरिया यांच्याबरोबर भारताच्या बाजूने उभा राहिलेला चौथा देश श्रीलंका होता. ज्या गोव्यातील साखवळच्या धर्मानंद कोसंबींनी धम्म शिकण्यासाठी १९०२ मध्ये श्रीलंका गाठली होती, त्याच गोव्याच्या मुक्तीच्या वेळी श्रीलंकेचे आसन पालिच्या एका पंडिताकडे असावे, हा ऋणानुबंध मराठी बौद्धाने विसरू नये. शस्त्राने झालेल्या कारवाईला बौद्ध विद्वानाच्या राष्ट्राने पाठिंबा द्यावा का, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु साडेचारशे वर्षांची वसाहतसत्ता हीदेखील हिंसाच होती, आणि तिच्याविषयी मौन पाळणे म्हणजे अहिंसा नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. १९५८ मध्ये युनेस्कोने मलालसेकर आणि के. एन. जयतिलके यांची वंशप्रश्नाविषयीची बौद्ध भूमिका सांगणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. वासेट्ठ सुत्ताचा आधार घेऊन त्यांनी दाखवून दिले की वनस्पती व प्राणी यांत जाती निसर्गतः भिन्न असतात. माणसांत तशी जातिभिन्नता नाही, मानवजात एकच आहे. वर्णश्रेष्ठत्व व वंशश्रेष्ठत्व यांविरुद्ध आधुनिक जगापुढे बौद्ध भूमिका मांडणारे हे लेखन आजही प्रत्येक विहाराच्या ग्रंथालयात असावयास हवे. सुनीत थेराच्या गाथा वाचणाऱ्याला ह्या सिद्धान्ताचे प्रत्यक्ष रूप दिसते. हीन मानल्या गेलेल्या कुळात जन्मलेला, वाळलेली फुले उचलून टाकणारा तो माणूस बुद्धाच्या संघात वंदनीय झाला.

परंतु हा सिद्धान्त जगाला सांगणाऱ्यांच्या स्वतःच्या देशात काय स्थिती होती? १७५३ मध्ये सियामहून आलेल्या उपालि थेरांच्या हस्ते श्रीलंकेत उपसंपदेची परंपरा पुन्हा सुरू झाली. पण पुढे त्या सियाम निकायाचे द्वार एका उच्च मानल्या गेलेल्या जातीपुरतेच उरले. इतर जातींच्या श्रामणेरांना उपसंपदेसाठी ब्रह्मदेशाला जावे लागले, आणि त्यांतून १८०३ नंतर अमरपुर निकाय उभा राहिला. सुनीताला प्रवेश देणाऱ्या बुद्धाच्या संघात जन्म विचारला जाऊ लागला. मलालसेकरांच्या हयातीत हा भेद मिटला नाही. त्याचे खापर एका व्यक्तीच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. पण विद्यापीठ, संघटना आणि राज्यसत्ता ही तिन्ही साधने ज्या पिढीच्या हाती होती, त्या पिढीलाही संघातील जात मोडता आली नाही, हे नोंदविणे समीक्षकाचे कर्तव्य आहे. बाबासाहेबांच्या तीन आवश्यकतांपैकी भिक्खू संघाच्या परिवर्तनाची आवश्यकता अपूर्ण राहिली ती येथे.

दुसरी एक गोष्टही विसरता येत नाही. मलालसेकर दीर्घकाळ अखिल श्रीलंका बौद्ध काँग्रेसचे अध्यक्ष होते. तिने नेमलेल्या समितीने १९५६ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला आणि वसाहतकाळात बौद्धांवर झालेल्या अन्यायाचा हिशेब मांडला. तक्रार खरी होती. पण न्यायाची ती मागणी आणि एकच भाषा राजभाषा करण्याची मागणी ह्या दोन धारा त्याच वर्षी एकमेकींत मिसळल्या. जून १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा ठरविणारा कायदा झाला. पुढे वैर वाढत गेले, आणि १९८३ ते २००९ ह्या काळात त्या बेटाने यादवी युद्ध पाहिले. त्या रक्तपाताचा दोष मलालसेकरांना देता येत नाही. परंतु मानवजातीच्या एकतेचा सिद्धान्त जगापुढे मांडणे सोपे आणि शेजारच्या तमिळ माणसापुढे पाळणे कठीण, हा धडा त्यातून घ्यावाच लागतो. धम्म जेव्हा बहुसंख्याकांची ओळख बनतो, तेव्हा तो दुर्बलांचे शरणस्थान राहत नाही. आपण अल्पसंख्य आहोत म्हणून हा धोका आपल्याला नाही, असे समजू नये. पोटजातींनुसार विहार वाटले जाण्याची आणि सोयरीक जुळविताना जुनी जात विचारली जाण्याची उदाहरणे आपल्याही वस्त्यांत सापडतात.

मलालसेकरांचे निधन २३ एप्रिल १९७३ रोजी झाले. अखेरपर्यंत ते श्रीलंका शासनाच्या बौद्ध ज्ञानकोशाचे प्रमुख संपादक होते. तो ज्ञानकोश २५०० व्या बुद्धजयंतीच्या निमित्ताने हाती घेण्यात आला होता. त्याचे काम त्यांच्यानंतरही अनेक दशके चालू राहिले. ज्याचा शेवट आपण पाहणार नाही असे काम सुरू करण्याची हिंमत आणि चिकाटी ही त्यांची खरी थोरवी होय.

आणि येथेच आपल्यालाही काही प्रश्न स्वतःला विचारावे लागतात. निकष आपल्याजवळ आहे. तो बाबासाहेबांनी दिला. पण साधनांचे काय? बाबासाहेबांनी केवळ निकष दिला नाही. प्रकृती ढासळत असतानाही त्यांनी पालि शब्दकोश आणि व्याकरण सिद्ध करण्याचे काम केले. महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये प्रकाशित केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात ते पाहावयास मिळते. त्यात पालि शब्दाचा अर्थ इंग्रजीबरोबर मराठी, गुजराती व हिंदीतही देण्याची योजना आहे. सामान्य माणसाला स्वतःच्या भाषेतून बुद्धवचनापर्यंत पोहोचता यावे, ही त्यामागील दृष्टी उघड आहे. निकष देणारा पुरुष साधनेही घडवीत होता. आपण मात्र अनेकदा निकषाच्या घोषणा केल्या आणि साधने इतरांवर सोपविली.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने पालि आणि मराठी ह्या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद सभा-समारंभांत व्यक्त झाला, तो योग्यच. पण दर्जा शासन देते, अभ्यास समाजाला करावा लागतो. मलालसेकरांचा कोश समोर ठेवून, सुत्त आणि अट्ठकथा यांचे थर वेगळे दाखवीत, सुनीत, उपालि, खुज्जुत्तरा, पुण्ण यांच्या नोंदी साध्या मराठीत लिहिण्याचे काम आपल्या एखाद्या विहारातील दहा अभ्यासक मिळून करू शकतील. वर्षाकाठी शंभर नोंदी झाल्या तरी दहा वर्षांत उपासकाच्या हाती देण्याजोगा ग्रंथ उभा राहील. मलालसेकरांना याहून योग्य आदरांजली कोणती? त्यांच्या ऋणाची फेड त्यांचे गुणगान करून होणार नाही. त्यांनी घडविलेल्या साधनाला बाबासाहेबांचा निकष लावून ते आपल्या माणसांच्या भाषेत आणले, तरच ती होईल.